गोटूचा भोंग्यासारखा खोकला : ट्रेकिअल कोलॅप्स झालेली छोटी कुत्री कोणी सांभाळलीयेत का?

पारिजात | १४ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. जरा मोठं होईल, पण सगळं नीट लिहिते म्हणजे कोणाला सांगता येईल.

आमचा गोटू, पॉमेरेनियन, ९ वर्षांचा. आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो, घरात मी, नवरा आणि माझे वडील. गोटू खरा अप्पांचाच, त्यांच्या खाटेखाली झोपतो, त्यांच्याबरोबर तळजाईला फिरायला जातो. डिसेंबरपासून त्याला खोकला सुरू झाला. खोकला म्हणजे आपल्यासारखा नाही, आधी मान पुढे ताणतो, पुढचे पाय फाकवून उभा राहतो आणि मग पूर्वी टांग्याला रबरी भोंगा असायचा ना, तो दाबल्यावर यायचा तसा आवाज, पाच-सहा वेळा, आणि शेवटी ओकल्यासारखं करतो पण बाहेर काहीच येत नाही, आला तर थोडासा पांढरा फेस. बेल वाजली की, पाणी प्यायला की, फिरताना पट्टा ओढला की हमखास. आणि पहाटे तीन-साडेतीनला एक ढास लागतेच. अप्पा उठून बसतात, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहतात, मग दोघांचीही झोप गेली.

पहिल्या क्लिनिकमध्ये (नाव लिहीत नाही) आधी सांगितलं घशात काहीतरी अडकलंय, मग सांगितलं सर्दी आहे, आणि तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. पाच दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. छातीचा एक्सरे कोणी काढलाच नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतं. मागच्या आठवड्यात मैत्रिणीने सांगितलं म्हणून दुसरीकडे गेलो, त्यांनी गळ्याच्या पुढच्या भागावर दोन बोटांनी अगदी हलकं दाबलं तर लगेच तो भोंगा वाजला. मग एक्सरे काढले. ट्रेकिअल कोलॅप्स म्हणाल्या, श्वासनलिका मऊ पडलीये. पूर्ण बरं होणार नाही, सांभाळायचं.

आता सांभाळायचं म्हणजे नक्की काय करायचं हे मला त्या वेळी धड विचारताच आलं नाही, अप्पा शेजारी बसले होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. कोणाला अनुभव आहे का? असं कुत्रं किती जगतं? त्याला आत्ता त्रास होतोय का, दुखतं का?

---

कोथरूडचा_बापू | १५ एप्रिल, सकाळी ७:१०

ताई, काळजी करू नका. आमच्या ल्हासाला असाच खोकला होता तेव्हा आम्ही अडुळशाचं सिरप अर्धा चमचा आणि हळद-मध द्यायचो, थोडा आराम पडायचा. लहान मुलांचं खोकल्याचं औषध पण चालतं असं आमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. रात्री बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ द्या.

---

जनावरांचा_डॉक्टर | १५ एप्रिल, दुपारी १:२५

मी पशुवैद्य आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करतो. गोटूला मी बघितलेलं नाही त्यामुळे डोस वगैरे इथे सांगणार नाही, पण बाकी समजावतो.

सगळ्यात आधी बापूंच्या प्रतिसादाबद्दल, कारण हे थांबवणं गरजेचं आहे. बापू, तुमचा हेतू चांगला आहे, पण माणसांचं खोकल्याचं सिरप कुत्र्याला कृपया देऊ नका. त्यातल्या काहींत पॅरासिटामॉल असतं, काहींत नाक मोकळं करणारी औषधं असतात ज्याने कुत्र्याच्या हृदयाची धडधड वाढते, आणि शुगर-फ्री सिरपमध्ये झायलिटॉल असू शकतं. झायलिटॉलने कुत्र्याची साखर एकदम खाली येते आणि लिव्हरही जाऊ शकतं, चार-पाच किलोच्या जिवाला त्यासाठी फार थोडं पुरतं. लसूण-कांदा घातलेले काढे पण नकोत. आणि एप्रिलमध्ये गरम वाफ तर अजिबात नको, उष्णता हाच या आजाराचा मोठा शत्रू आहे. डॉक्टरांनी सांगितलं तर साध्या सलाईनचं नेब्युलायझेशन करता येतं, ते वेगळं.

आता पारिजात ताई, आजार काय आहे ते. श्वासनलिका ही कूर्चेच्या कड्यांची नळी असते, कुत्र्यात साधारण ३५ ते ४५ कड्या. त्या पूर्ण गोल नसतात, इंग्रजी सी सारख्या असतात आणि पाठीकडची उघडी बाजू एका पातळ पडद्याने बंद असते. काही छोट्या जातींत, पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर, चिवावा, टॉय पूडल, माल्टीज, शित्झू, पग, या कूर्चेतला पाणी धरून ठेवणारा घटक कमी होत जातो, कडी मऊ पडते, चपटी होते आणि वरचा पडदा सैल होऊन आत लोंबतो. शहाळ्यात कागदाची स्ट्रॉ फार वेळ राहिली की कशी मऊ पडते आणि जोरात ओढलं की दोन्ही बाजू चिकटतात, तसंच. गळ्यातला भाग श्वास आत घेताना बसतो आणि छातीतला भाग श्वास सोडताना. म्हणून एक्सरे दोन्ही वेळचे काढावे लागतात, आणि तरी कधीकधी एक्सरेत नळी अगदी चांगली दिसते कारण नेमक्या त्या क्षणी ती उघडी असते. अशा वेळी चालत्या श्वासात बघता येणारं फ्लुरोस्कोपी किंवा दुर्बिणीची तपासणी लागते.

याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत नळी साधारण २५ टक्के बंद, दुसरीत निम्मी, तिसरीत ७५ टक्के, चौथीत जवळजवळ पूर्ण.

आणि मुख्य गोष्ट. खोकल्याने नळीच्या भिंती एकमेकींवर आपटतात, त्याने सूज येते, चिकट स्राव वाढतो, त्याने अजून खोकला. हे चक्र तोडणं हाच उपचार. त्यामुळे इथे खोकला दाबणारं औषध म्हणजे नुसती मलमपट्टी नाही. सूज जास्त असेल तर थोडे दिवस प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड, पण ते लांबवायचं नाही, कारण त्याने भूक वाढते, वजन वाढतं आणि धापही वाढते. काहींना थिओफायलिनसारखं औषध देतात, ते फुप्फुसातल्या बारीक नळ्यांवर काम करतं, मोठ्या नळीवर नाही. अँटिबायोटिक फक्त जंतुसंसर्ग असेल तर. तुमच्या पहिल्या तीन कोर्सनी फरक पडल्यासारखा का वाटला ते सांगतो, हा खोकला मुळातच कमी-जास्त होतो.

किती जगेल याचं उत्तर: १९९४ साली ब्रिटनमध्ये अशा १०० कुत्र्यांचा अभ्यास छापून आला होता, त्यात ७१ जणांचा त्रास नुसत्या औषधांनी आणि सांभाळण्याने वर्षभराहून जास्त काळ आटोक्यात राहिला. ऑपरेशनशिवाय. अप्पांना हे जरूर सांगा.

दोन कामं आजच करा. गळ्यातला पट्टा काढून टाका, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. आणि हृदय तपासलं का ते विचारा.

---

पारिजात | १५ एप्रिल, रात्री १०:०५

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. अप्पांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठले आणि गोटूच्या गळ्यातला लाल पट्टा सोडून कपाटात ठेवला. तिथले केस पट्ट्याने पार झिजून गेलेत, बोटभर रुंदीची गोल पट्टी उठलीये मानेवर. ९ वर्षं आम्ही त्या पट्ट्यालाच हिसका देत होतो.

हृदय तपासलं नाही, स्टेथोस्कोप लावला होता एवढंच.

---

तळजाई_सकाळी_सहा | १६ एप्रिल, सकाळी ८:५०

हृदयाबद्दल मी लिहितो, कारण आमचं अगदी उलटं झालं होतं. आमची १२ वर्षांची ल्हासा क्रॉस, तिलाही खोकला, तिलाही ट्रेकिया बारीक असं सांगितलं होतं आणि आम्ही वर्षभर तेच धरून बसलो. एके रात्री ती आडवीच होईना, बसून बसून श्वास घेत होती, मान वर करून. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर कळलं की हृदयाची डावी झडप जाड होऊन गळत होती, डावा कप्पा फुगला होता आणि तो खालून श्वासनलिकेच्या फाट्याला दाबत होता. म्हणजे खोकल्याची दोन कारणं एकाच कुत्रीत. छोट्या जातींत म्हातारपणी हा झडपेचा आजार फार असतो असं नंतर समजलं.

औषधं सुरू झाल्यावर ती अजून दीड वर्ष छान जगली.

आमच्या डॉक्टरांनी एक सवय लावली होती, ती तुम्हीही लावा. गाढ झोपलेली असताना छाती वरखाली होते ते मोजायचं, एकदा वर एकदा खाली म्हणजे एक श्वास. पूर्ण मिनिट मोजायचं. ३० च्या खाली असलं पाहिजे. सतत वर जायला लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, फोन करायचा. स्वप्न बघत पाय हलवत असेल तेव्हा मोजू नका, आकडा चुकतो.

---

जनावरांचा_डॉक्टर | १६ एप्रिल, दुपारी २:०२

वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. आणि खोकल्याचा व्हिडिओ काढून न्या, क्लिनिकमध्ये आल्यावर कुत्री हटकून खोकत नाहीत.

---

स्नेहल_वारजे | १६ एप्रिल, रात्री ९:३०

मध्येच विचारते, माफ करा. माझा पग ८ महिन्यांचा आहे, तो कधीकधी एकदम थांबतो, मान लांब करतो आणि नाकातून घुर्र घुर्र करत जोरात हवा आत ओढतो, अर्धा मिनिट, मग काही झालंच नाही असा खेळायला लागतो. हे पण तेच आहे का? हा धागा वाचल्यापासून हात-पाय गळालेत माझे.

---

जनावरांचा_डॉक्टर | १७ एप्रिल, सकाळी १०:१५

स्नेहल ताई, वर्णनावरून उलटी शिंक वाटते, रिव्हर्स स्नीझिंग. त्यात हवा नाकातून आत ओढली जाते, खोकल्यात हवा बाहेर फेकली जाते, हा फरक. बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तरी व्हिडिओ दाखवून घ्या, कारण पगची नाकपुडी आणि टाळू हा स्वतंत्र विषय आहे. आणि बोर्डिंगमधून किंवा ग्रूमिंगवरून आल्यावर आठवड्याभरात खोकला सुरू झाला तर केनेल कफची शंका घ्यायची, तो संसर्गाचा असतो, इतर कुत्र्यांपासून लांब ठेवायचं. त्याची लस मिळते.

---

मुळामुठा | १८ एप्रिल, रात्री १२:२०

माझी यॉर्की चार वर्षांपूर्वी मे महिन्यात गेली. मला वजनाबद्दल लिहायचंय, कारण हे मला कोणी रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ती ४ किलोची असायला हवी होती, ५ च्या वर गेली होती. एक किलो म्हणजे काय असं वाटायचं. पण हिशोब करा, ४ किलोच्या जिवावर एक किलो म्हणजे ६० किलोच्या बाईवर १५ किलो. गळ्याभोवती आणि छातीत चरबी साठते, त्यात आधीच मऊ पडलेली नळी. आणि आम्ही प्रेमाने देत होतो. साधी एक चपाती १०० कॅलरीची धरा, वर तूप लावलं की अजून वाढल्या. ५ किलोच्या घरात बसून असणाऱ्या कुत्र्याला अख्ख्या दिवसाला ३०० च्या आसपास पुरतात. म्हणजे सकाळच्या एका तूप-चपातीत तिचं तिसरा हिस्सा जेवण झालेलं असायचं आणि मग तिचं खाणं वेगळं, चहाबरोबर बिस्किटं वेगळी.

पारिजात, गोटूचं वजन किती आहे?

---

पारिजात | १८ एप्रिल, सकाळी ९:००

६ किलो ८००. डॉक्टरीणबाई म्हणाल्या सव्वापाच-साडेपाचपर्यंत आणा. अप्पा रोज चहाच्या वेळी त्याला ग्लुकोजची चार बिस्किटं देतात, बशीत भिजवून. ते कसं थांबवू कळत नाहीये. ७८ वर्षांच्या माणसाचा दिवसातला तोच एक लाडाचा कार्यक्रम आहे.

---

मुळामुठा | १८ एप्रिल, सकाळी ९:४०

थांबवू नका. बशी तीच ठेवा, आत काकडीच्या चकत्या किंवा उकडलेल्या दुधीचे तुकडे ठेवा, बिन मिठाचे. कुत्र्याला बशी आणि अप्पा हवे असतात. आणि दर रविवारी वजन, काट्यावर तुम्ही त्याला घेऊन उभ्या राहा, मग एकट्या, वजाबाकी करा. बरगड्यांवर तळहात सपाट ठेवून न दाबता फिरवायचा, बरगड्या हाताला मोजता आल्या पाहिजेत.

वजन हळूहळू उतरू दे, उपाशी ठेवू नका.

---

पारिजात | २ मे, रात्री १०:३०

अपडेट. इको झाला, झडप किंचित जाड आहे पण कप्पे फुगलेले नाहीत, आत्ता औषध नको, सहा महिन्यांनी परत. नळी दुसऱ्या पायरीची, गळ्याच्या खालच्या भागात. खोकला दाबणारं औषध सुरू आहे, १० दिवस स्टिरॉइड होतं ते उतरवत बंद केलं. हार्नेस घेतलाय. पहिला जो आणला त्याची वरची पट्टी गळ्यावरच येत होती, तो परत केला, आताचा छातीच्या हाडावरून जातो. महापालिकेच्या लायसन्सचा बिल्ला पण हार्नेसलाच अडकवला.

अजून एक, आमच्याकडे रात्री डासांची कॉइल जळायची, अप्पांच्या खाटेखाली, म्हणजे बरोबर गोटूच्या नाकासमोर. इतकी वर्षं. ती बंद करून जाळीची मच्छरदाणी लावली आणि तीनच दिवसांत पहाटेची ढास कमी झाली. हे औषधाने झालं की मच्छरदाणीने ते सांगता येणार नाही, पण उदबत्तीही आता बाल्कनीत लावतो.

अप्पांनी वही केलीये. जुनी डायरी आहे, त्यात रोज वेळ लिहितात, किती ढास, कशाने आली.

---

तळजाई_सकाळी_सहा | ३ मे, सकाळी ७:००

वही फार कामाची. आता ऊन वाढलंय, फिरणं सहाच्या आत करा, संध्याकाळी रस्ता हाताला गार लागल्याशिवाय काढू नका.

---

पारिजात | ११ मे, रात्री ११:५५

परवा जे झालं ते लिहिते, कारण वरचे प्रतिसाद वाचले नसते तर आज गोटू नसता.

९ तारखेला दुपारी दोनला लाइट गेली. बाहेर चाळीसच्या आसपास. मी ऑफिसचं काम करत होते, पंखा बंद, आणि नेमका पार्सलवाला आला. गोटू दारावर भुंकला, भुंकला, आणि मग भोंगा सुरू झाला तो थांबेचना. खोकला, धाप, परत खोकला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापूनच गार होतो, आणि धापायला लागला की ती नळी अजून चिकटते, म्हणजे जितका गार व्हायला बघतो तितका तापतो. मी त्याच्या तोंडात बघितलं तर जीभ गुलाबी नव्हती, जांभळट झाली होती, कडेला करडी. मागचे पाय लटपटले आणि तो खालीच बसला.

अप्पा त्याला उचलून छातीशी धरायला गेले. मी म्हटलं अप्पा, धरू नका, मोकळं राहू द्या. गार फरशीवर पोटावर ठेवलं, मान सरळ, टॉवेल साध्या पाण्यात भिजवून पोटाखाली आणि पंजांना, अप्पा पुठ्ठ्याने वारा घालत होते. तोंडात पाणी ओतलं नाही. नवऱ्याने खाली जाऊन गाडीचा एसी आधी सुरू केला, गाडी गार झाली मगच त्याला नेलं, आणि वाटेतून क्लिनिकला फोन केला की जीभ निळी आहे, ऑक्सिजन तयार ठेवा. दारातच घेतलं त्यांनी. आधी शांत करणारं इंजेक्शन आणि ऑक्सिजन, तपासणी नंतर. त्या म्हणाल्या, घाबरला की जास्त ओढतो, ओढला की जास्त बंद होतं, म्हणून आधी त्याची घाबरगुंडी थांबवायची.

चाळीस मिनिटांनी जीभ गुलाबी झाली. मी काचेतून बघत होते, जिभेचं टोक आधी झालं, मग हळूहळू मागे.

रात्री नऊला घरी आणला. अप्पा अजून पुठ्ठा हातात घेऊनच बसले होते.

---

जनावरांचा_डॉक्टर | १२ मे, सकाळी ९:२०

तुम्ही प्रत्येक गोष्ट बरोबर केलीत. बाकीच्यांसाठी दोन शब्द: बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, आणि जीभ-हिरड्या निळसर, बेशुद्धी, किंवा धाप थांबत नसेल तर हे घरी बघण्याचं काम नाही. रात्री-अपरात्री कुठे जायचं तो नंबर आत्ताच फोनमध्ये ठेवा, आणि तिथे ऑक्सिजन आहे का हे आधी विचारून ठेवा.

अजून एक, वॉटर कूलर बंद खोलीत लावू नका. हवा दमट झाली की धापून अंग गार होत नाही. खिडकी उघडी हवी.

---

अर्णव_पाषाण | १२ मे, दुपारी ४:१०

माझ्या पॉमला चौथी पायरी सांगितलीये, वय ११. औषधं वाढवून झाली, तरी दिवसातून आठ-दहा वेळा ढास. स्टेंट टाकायचा का असं विचारतायत. कोणी टाकलाय का? घरी दोन मतं आहेत, आई म्हणते या वयात भूल नको.

---

मुळामुठा | १२ मे, रात्री ११:००

अर्णव, आम्ही टाकला होता. सांगते.

स्टेंट म्हणजे निटिनॉल नावाच्या धातूची विणलेली जाळीची नळी, भूल देऊन तोंडातून आत नेतात आणि तिथे ती आपोआप फुलते, चिरफाड नाही. माप फार महत्त्वाचं, थोडा छोटा बसला तर सरकतो. टाकल्या दिवशी तिचा श्वास ऐकून मी रडले होते, इतका मोकळा. पण खोकला गेला नाही, हे आम्हाला आधी नीट कळलं नव्हतं. स्टेंट श्वास मोकळा करतो, खोकला थांबवत नाही, आणि खोकल्याने जाळीवर रोज ताण येतो. औषधं आयुष्यभर चालूच राहतात. आमच्या बाबतीत दीड वर्षाने जाळीच्या टोकाला मांस वाढलं, ते स्टिरॉइडने कमी झालं, परत वाढलं. जाळी तुटूही शकते.

मग टाकायला नको होता का? नाही. स्टेंटच्या आधी ती झोपू शकत नव्हती, बसल्या बसल्या पेंगायची आणि दचकून उठायची. त्यानंतर दोन वर्षं कुशीवर झोपली. माझ्यासाठी उत्तर तिथेच आहे. पण जो अजून खातोय, झोपतोय, फक्त खोकतोय, त्याला घाई करू नका. आधी वजन, धूर, हृदय, दात, सगळं बघून झालंय का ते विचारा. आणि ज्यांनी असे बरेच केलेत त्यांच्याकडूनच करा.

आईचं भुलेबद्दलचं बरोबर आहे, धोका असतो. पण त्यांना एकदा त्याला रात्री तीन वाजता बघू द्या, मग सगळे बसून ठरवा.

---

अर्णव_पाषाण | १३ मे, सकाळी ८:००

धन्यवाद. आईला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. आधी दुसरं मत घेतो, परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलला पण दाखवून येतो.

---

कोथरूडचा_बापू | १३ मे, सकाळी १०:४५

डॉक्टर, तुम्ही सांगितलंत ते मनाला लागलं, चांगल्या अर्थाने. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी सिरपबद्दलची सूचना टाकली. सातपैकी चार घरांत माणसांचं औषध देत होते.

आणि माझी एक भर. थंडीत सकाळी झाडलोट करणारे पालापाचोळा पेटवतात, तो धूर खालीच तरंगतो, बरोबर कुत्र्याच्या उंचीवर. आम्ही आमच्याकडे पाचोळ्याचा खड्डा केलाय, जाळणं बंद. इतरांनीही बोलून बघा, लोक ऐकतात.

---

पारिजात | १९ सप्टेंबर, रात्री १०:१५

बरेच दिवसांनी. गोटू ५ किलो ६०० वर आलाय. बशीतल्या काकडीला पहिले चार दिवस नुसता बघत बसला, पाचव्या दिवशी खाल्ली. आता चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला की बशीजवळ जाऊन बसतो.

गणपतीत आरतीला कापूर आणि धूप हॉलमध्ये नाही केला, गोटू आतल्या खोलीत, दार बंद, पंखा चालू. विसर्जनाला ढोल आमच्या रस्त्यावरून जातात, त्या दिवशी डॉक्टरांनी दिलेली शांत करणारी गोळी दोन तास आधी दिली. वहीत त्या दिवशी तीन ढासा आहेत. मागच्या डिसेंबरात रोजच्या पंधरा-वीस असायच्या असं अप्पा म्हणतात, तेव्हा वही नव्हती.

दात साफ करायचे आहेत, पण भुलेची नळी घशातून जाते म्हणून थोडं थांबलोय. कोणी केलंय का?

---

जनावरांचा_डॉक्टर | २० सप्टेंबर, दुपारी १:३०

करता येतं, भूल देणाऱ्याला कोलॅप्स आहे हे ठळक सांगून. नंतर चार-पाच दिवस खोकला वाढतो, त्याची तयारी ठेवा. पण खराब दात तसेच ठेवणंही बरं नाही. इको परत होऊ दे, मग ठरवा. थंडी सुरू झाल्यावर, उन्हाळ्यात नको.

---

पारिजात | दिवाळी पाडवा, सकाळी ७:३०

लक्ष्मीपूजनाची रात्र निभावली. संध्याकाळी पाचलाच त्याला फिरवून आणलं, मग सगळ्या खिडक्या बंद, फटींना ओले पंचे लावले, गोळी दिली. अप्पा मधल्या खोलीत जमिनीवर गादी टाकून त्याच्या शेजारी झोपले, खाटेवर नाही. मी दोनदा उठून बघितलं, दोन्ही वेळा अप्पा जागे, हात गोटूच्या छातीवर, ओठ हलतायत. मोजत होते.

सकाळी वही बघितली. रात्री १०:४० एक ढास, माळ लागली तेव्हा. १:१५ एक, लहान. झोपेतले श्वास २२, २४, २२.

---

स्नेहल_वारजे | पाडवा, सकाळी ८:०५

वाचून बरं वाटलं. ताई, हार्नेसचं माप कसं घेतलंत? माझ्या पगला दोन आणले, दोन्ही वर सरकतात.

---

पारिजात | पाडवा, सकाळी ८:२०

पुढच्या पायांच्या मागे, छातीचा सगळ्यात रुंद भाग, तिथे शिंप्याची टेप लावा, केस दाबून. गोटूची ४१ सेंटीमीटर आली. पट्टी आणि अंगात दोन बोटं जातील एवढीच जागा, आणि समोरून बघितलं तर पट्टीचा जोड गळ्याच्या खड्ड्याखाली, हाडावर यायला हवा. घातल्यावर दहा मिनिटं घरात चालवा, वर सरकला तर परत करा. बिल जपून ठेवा.